अंगाला लागलेलं औषध

आमच्या निपाणी भागात औषधाची पारख त्याने माणूस भरला की नाही यावरून होते. गाल वर आले, भूक लागली, अंगावर जरा मांस चढलं, म्हणजे औषध मानवलं. लोकांचं यात फार चुकतं असं मी म्हणणार नाही. तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी खोकून खोकून वाळलेली माणसं जवळून पाहिली आहेत. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत वजन वाढलं, हेही पाहिलं आहे. म्हणून इथे वाळणं म्हणजे आजार आणि भरणं म्हणजे बरं होणं. याच समजुतीच्या आडून एक आजार घरात शिरतो. तो आला की शेजारच्या बायका म्हणतात, "आता कशी सुधारलीया!" मी या गावात मेडिकल चालवतो. असे सुधारलेले चेहरे मला आता काउंटरवरून ओळखू येतात, आणि ते पाहून पोटात गोळा येतो.

आजाराचं नाव कुशिंग सिंड्रोम. कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन, किंवा त्याच कुळातलं औषध म्हणजे स्टेरॉइड, शरीरात गरजेपेक्षा जास्त आणि बरेच दिवस राहिलं की तो होतो. कॉर्टिसॉलला शिव्या देण्यात अर्थ नाही. ते नसेल तर माणूस जगतच नाही. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर चार-पाच ग्रॅमची एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते, तिथे ते तयार होतं. उपाशीपोटी रक्तातली साखर टिकवायची, रक्तदाब पडू द्यायचा नाही, ताप, अपघात, ऑपरेशन असलं काही ओढवलं तर शरीराला तगवायचं आणि आतली सूज आटोक्यात ठेवायची, ही त्याची कामं. किती तयार करायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी देते. तिचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. एसीटीएच नावाचा निरोप ती रक्तातून धाडते, आणि रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की निरोप थांबवते. सकाळी उठायच्या सुमारास त्याची पातळी सगळ्यांत वर, मध्यरात्री सगळ्यांत खाली. मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार होतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्याकडे येणारी एक विडीकामगार बाई आहे. तिला मी आक्का म्हणतो, ती मला आण्णा. सकाळी घरचं उरकायचं, भिजवलेलं पान कात्रीने कापायचं आणि मांडीवर सूप घेऊन हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत वळत बसायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा दिवस. बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर तासभर मूठच मिटेना. विडी वळणाऱ्या बाईची मूठ मिटत नसेल तर मजुरी बुडाली. डॉक्टरांनी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी पित्त उसळायचं. मग कुणीतरी बाजारातल्या पुड्यांची वाट दाखवली. कागदात बांधलेली पांढरट पावडर, रोज एक पुडी. विकणारा सांगायचा, जंगलातल्या मुळ्या आहेत, साइड इफेक्ट काही नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिची बोटं मिटू लागली. दुकानात आली ती बोलतच. "आण्णा, गुडघं बी मोकळं झालं बघा. आणि भूक तर अशी लागतीया, काय इचारू नका."

झाडपाल्याने चार दिवसांत सांधे मोकळे होत नसतात. असा गुण एकाच जातीच्या औषधाचा. मी म्हटलं, "आक्का, यात स्टेरॉइड घातलेलं असणार." ती म्हणाली, "असू दे की. गुण तर आला न्हवं?"

याला उत्तर देणं अवघड जातं, कारण गुण खरोखरच आलेला असतो. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली, आणि काही दिवसांत ती चालू लागली. तोवर या दुखण्यावर असं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. हेंच, कॉर्टिसोन वेगळं काढणारे एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन या तिघांना १९५० चं नोबेल मिळालं. इतक्या घाईने हे पारितोषिक सहसा मिळत नाही. पण औषध चालू राहिलेल्या रुग्णांचे चेहरे गोल होत चालले, हेही डॉक्टरांना लवकरच दिसू लागलं. दमा, काही त्वचारोग, मूत्रपिंडाचे काही आजार, बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून, अशा कितीतरी ठिकाणी स्टेरॉइड आजही जीव वाचवतं. कोविडमध्ये २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवून दिलं की डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. डोस ठरलेला, दिवस ठरलेले, वर डॉक्टरांची नजर. पुडीला यातलं काहीच नसतं.

आक्काचा चेहरा दोन-तीन महिन्यांत इतका गोल झाला की समोरून कान दिसेनात. पोट पुढे आलं. मानेखाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध चरबीचा उंचवटा आला. हात-पाय मात्र बारीकच होत गेले. भरलेल्या चेहऱ्याकडे बघून खूश होणाऱ्या लोकांचं दंड-मांड्यांकडे लक्षच जात नाही, आणि खरी खूण तिथेच असते. जास्तीचं कॉर्टिसॉल स्नायूंमधली प्रथिनं मोडून त्यांची साखर करतं आणि चरबी चेहरा, मान, पोट इथे नेऊन साठवतं. सगळ्यांत आधी मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू खचतात. जमिनीवर बसून काम करणाऱ्या बाईला उठताना हात टेकावा लागतो, बसची पायरी चढवत नाही, फडताळातला डबा काढताना हात भरून येतो. ती मनाशी म्हणते, वय झालं. कातडी पातळ होते, जरा कुठे आपटलं की काळंनिळं पडतं. पोटावर आणि मांड्यांवर पट्टे उठतात. बाळंतपणातले पट्टे पांढरट होऊन जातात. हे जांभळट आणि एक सेंटिमीटरहून रुंद असतात, कारण विरलेल्या कातडीखालचं रक्त वर दिसतं. रक्तदाब वाढतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पाळी बिघडते, झोप उडते, चिडचिड होते, काही जण पार निराश होतात. जखम भरत नाही आणि जंतुसंसर्ग पटकन जडतो. बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्या काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधाच बसतो, आणि पस्तिशी-चाळिशीतला माणूस खुबा बदलायच्या रांगेत जातो.

लहान मुलांची खूण वेगळी. वजन वाढत जातं आणि उंची थांबते. साध्या खाण्यापिण्याने लठ्ठ झालेलं मूल उंचीतही वाढत राहतं. शाळेत वर्षाच्या सुरुवातीला वजन-उंची मोजतात ते कार्ड जपून ठेवा, असं मी पालकांना सांगतो ते याचसाठी.

हार्वी कुशिंग हे अमेरिकेतले मेंदूचे शल्यविशारद. त्यांनी १९१२ मध्ये अशा २३ वर्षांच्या एका तरुणीची नोंद केली आणि १९३२ मध्ये असे रुग्ण एकत्र मांडून या दुखण्याचा संबंध पिट्युइटरीतल्या बारीक गाठीशी जोडला. तेव्हा स्टेरॉइडची गोळी जगात कुठेच नव्हती. आज या आजाराचं सगळ्यांत मोठं कारण बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड हेच आहे. गाठीमुळे होणारा प्रकार दरवर्षी दहा लाखांत दोन-तीन जणांना होतो असं पुस्तकं सांगतात. पुड्या, गोळ्या, इंजेक्शनं आणि मलमं यांच्यामुळे होणारा प्रकार मला आमच्या पंचक्रोशीतच भेटतो.

आक्काला चक्कर येऊन पडल्यावर तिचा मुलगा कोल्हापूरला घेऊन गेला. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५, त्यामुळे आमच्याकडचं आजारपण बहुधा उत्तरेला जातं. आमच्यासारख्या, कर्नाटकात असलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं २०२३ मध्ये ठरलं आणि कर्नाटकाने हरकत घेतली, ते वर्तमानपत्रांत गाजलं. पण अशा योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल होणाऱ्यांच्या. नुसतं दाखवून, रक्त तपासून घरी येणाऱ्याचा खर्च कमरेच्या बटव्यातूनच जातो.

तिथे डॉक्टरांनी सकाळचं कॉर्टिसॉल तपासलं. मुलगा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आला आणि गोंधळलेला होता. "काका, डॉक्टर म्हणतात आईला कॉर्टिसॉल जास्त झाल्यासारखा आजार आहे, आणि रिपोर्टात तर ते जवळजवळ नाहीच!" सगळा उलगडा त्याच कागदात होता. अशा पुडीत बहुधा असतं ते डेक्सामेथासोन कॉर्टिसॉलसारखंच, पण कितीतरी पट जोराने काम करतं. कॉर्टिसॉलच्या तपासणीत मात्र ते मोजलं जात नाही. अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी साधारण १३ मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या बरोबरीची. मघाचा १० चा आकडा इथे लावून बघा. नखावर मावणाऱ्या एका गोळीने शरीराची पूर्ण दिवसाची गरज भागून वर उरतं, आणि तिचा असर दीड दिवसाहून जास्त टिकतो. बाहेरून एवढं येतंय म्हटल्यावर पिट्युइटरी निरोप धाडायचं बंद करते आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसत जातात. चेहरा कॉर्टिसॉल जास्त झाल्याचा आणि रक्तात कॉर्टिसॉल नाही, अशी जोडी दिसली की डॉक्टर ओळखतात, हा माणूस कुठून तरी स्टेरॉइड खातोय.

आक्का पडली का, तर मी आणि शेजारणींनी भीती घातल्यावर मध्येच एका आठवड्यात तिने पुड्या पूर्ण सोडून दिल्या होत्या. मी तिला पुडी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा म्हणालो होतो. शेजारणींनी सांगितलं, पुड्या चुलीत टाक. तिने सोपं ते केलं. माझी या लेखाकडून एकच अपेक्षा असेल तर हा परिच्छेद कुणीतरी घरात वाचून दाखवावा. बरेच दिवस, म्हणजे तीन-चार आठवड्यांच्या वर घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करायचं नसतं. आमच्याकडच्या बायकांना मी असं सांगतो. मुकादमाला बाहेरून तयार विड्या मिळायला लागल्या तर तो घरोघरी पान-तंबाखू वाटणं बंद करतो, बायका दुसऱ्या कामाला लागतात. आणि एके दिवशी बाहेरचा माल अचानक थांबला तर दुसऱ्या दिवशी सकाळी विड्या कोण देणार? ग्रंथी पुन्हा कामाला लागायला कित्येक आठवडे, कधी महिने, कधी वर्षही जातं. त्या मधल्या काळात शरीरात कॉर्टिसॉल नसतं. उलट्या, पोटदुखी, गळून जाणं, रक्तदाब पडणं, साखर उतरणं, शुद्ध हरपणं, असं होऊन माणूस दगावू शकतो. म्हणून डॉक्टर मोजक्या डोसची गोळी देतात आणि ती हळूहळू, टप्प्याटप्प्याने उतरवतात. ज्याला चेहरा गोल झाला म्हणून घाबरायला होतंय, त्यानेही गोळी फेकायची नाही. पट्टी किंवा पुडी खिशात घालून डॉक्टर गाठायचा. दम्याचा पंप वापरणाऱ्यांनी तर हे वाचून पंप अजिबात बंद करू नये. त्यातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि बहुतेक सगळं काम फुप्फुसातच होतं. पंप टाकून गोळ्यांवर राहणारा दमेकरी उलट जास्त स्टेरॉइड पोटात घालत असतो.

आक्काचं मूळ दुखणं आमवाताचं निघालं. त्याला आता आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. एकदाच, रोज नाही. रोज घेतली तर तेही विष आहे. म्हणून मी तिच्या पाकिटावर वार लिहून देतो.

सगळा दोष बाजारातल्या पुडीवर ढकलून आमच्या धंद्याला मोकळं सोडायचं नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या शेड्यूल एचमध्ये येतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा कायदा आहे. तरी रिकामी पट्टी पुढे करून "ह्यातल्या दहा द्या" म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं, आणि त्याला हो म्हणणारं दुकानही कुठेतरी असतंच. एकाची चिठ्ठी चार घरं फिरते. गजकर्णाची आणि गोरं करणारी मलमं ही आणखी एक पळवाट. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवरच्या स्टेरॉइड मलमांनाही शेड्यूल एचमध्ये घातलं, पण नवरीला हळदीच्या आधी महिनाभर कुठलं क्रीम लावायचं याचा सल्ला अजून ब्युटी पार्लरमध्येच मिळतो. जोरदार मलम महिनोन्‌महिने अंगभर लावलं तर ते कातडीतून रक्तात उतरतं. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखालच्या पुरळावर असलं मलम चोपडत राहिल्याने बाळाला कुशिंग झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

गोळीच्या पट्टीवर इशारा असतो, वर आरएक्सची खूणही असते. तो इशारा इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर मराठी की कन्नड यावरून दगड पडले आहेत. या इशाऱ्याच्या भाषेवरून मात्र कुणी कधी एक निवेदनही दिलेलं नाही.

हल्ली कॉलेजची मुलं मोबाइल दाखवत येतात. रीलमध्ये कुणीतरी सांगितलेलं असतं की पोट सुटलंय, सकाळी चेहरा सुजतोय, म्हणजे कॉर्टिसॉल वाढलंय, अमुक पावडर घ्या. मी पावडर देत नाही, त्यामुळे ती दुसऱ्या दुकानात जातात. परीक्षेच्या, घरच्या किंवा नोकरीच्या ताणाने कॉर्टिसॉल वर-खाली होतं हे खरं, पण त्याने कुशिंग होत नाही. पोट सुटलेल्या शंभरातल्या नव्व्याण्णवांचं कारण ताटात आणि खुर्चीत सापडतं. शंका घ्यायची ती बाकीच्या खुणा असतील तर: हात-पाय वाळणं, जांभळे पट्टे, मार न लागता काळंनिळं होणं, बसल्याजागेवरून उठता न येणं, तरुणपणी रक्तदाब आणि साखर एकदम लागणं.

चिकोडीकडच्या एका शिक्षिकेच्या बाबतीत ही शंका खरी निघाली. तिशीतली बाई. रक्तदाबाची गोळी एकाची दोन आणि दोनाच्या तीन झाल्या होत्या. पाळी थांबलेली, हनुवटीवर केस, वजन वाढतंय. पीसीओडी म्हणून उपचार चालू होते. बेळगावच्या हार्मोनतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो पुडी, गोळी, मलम, सांध्यातलं इंजेक्शन यांचा. तिने यातलं काहीच घेतलेलं नव्हतं. मग तपासण्या झाल्या. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून त्यातलं कॉर्टिसॉल मोजलं. रात्री उशिरा लाळेचा नमुना घेतला, कारण निरोगी माणसात ही पातळी त्या वेळी तळाला असते. आणि गंमत म्हणजे तिसऱ्या तपासणीला आमची तीच डेक्सा लागते. रात्री अकराला १ मिलिग्रॅम गोळी घ्यायची, सकाळी आठला रक्त द्यायचं. गोळी पोटात गेल्यावर निरोगी पिट्युइटरी गप्प बसते आणि सकाळचं कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली येतं. गाठ असेल तर ती गोळीला जुमानत नाही. शिक्षिकेचं कॉर्टिसॉल उतरलंच नाही. एसीटीएच वाढलेलं आढळलं, म्हणजे निरोप वरून येतोय. ते दबलेलं असतं तर गाठ अ‍ॅड्रिनलमध्ये शोधली असती. कधी कधी फुप्फुसातली एखादी गाठही एसीटीएच बनवत बसते. एमआरआयमध्ये पिट्युइटरीत काही मिलिमीटरची गाठ दिसली. ही गाठ बहुधा कॅन्सरची नसते. ऑपरेशन नाकातून करतात, डोकं उघडावं लागत नाही. ते पुण्याला झालं.

ऑपरेशन झालं की दुसऱ्याच दिवसापासून हुशारी वाटेल अशी तिची कल्पना होती. घडलं उलटं. वर्षानुवर्षं जास्त कॉर्टिसॉलला सरावलेल्या शरीराला एकदम काहीच मिळेनासं झालं. अंग ठणकायचं, कातडी सोलायची, दुपारी शाळेत डोळे मिटायचे. गाठ काढल्यावर कॉर्टिसॉल जवळजवळ शून्यावर येणं हे शस्त्रक्रिया साधल्याचं लक्षण डॉक्टर मानतात, पण रुग्णाला ते सोसावं लागतं. बाजूची निरोगी पिट्युइटरी जागी होईपर्यंत तिला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आहेत, सकाळी जास्त, दुपारी थोड्या. ताप आला तर डोस दुप्पट. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन, तेही लगेच. दात काढायचा असो की हाडाला प्लास्टर, आधी सांगायचं की मी स्टेरॉइडवर आहे. हे सगळं मी तिला एका कार्डावर मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहून दिलं आहे, कारण रस्त्यात चक्कर आली तर उचलणारा कुठल्या भाषेचा असेल ते सांगता येत नाही. कन्नड मजकूर शेजारच्या कापडदुकानदाराने तपासून दिला. गोळ्या निपाणीत सहसा मिळत नाहीत. कोल्हापूरच्या होलसेलरला आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन केला तर दुसऱ्या दिवशी गाडीने पार्सल येतं, म्हणून तिला सांगून ठेवलंय की पट्टीत आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की मला फोन कर, संपायची वाट बघू नको.